आधी जमीन मोजा, मग सिद्धांत : क्लेरोची भूमिती

बाबाबा, बाकोबा, कोबाको. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या या कसोट्या आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरत्या पाठ केल्या. त्या हाताने करून कळाव्यात, अशी भूमिती 1741 मध्येच एकाने लिहून ठेवली होती. त्याचं नाव अलेक्सी क्लेरो.

जन्म 1713, पॅरिस. वडील गणिताचे शिक्षक. पोराने वाचायला शिकताना हातात घेतलं ते युक्लिडचं पुस्तक! तेराव्या वर्षी त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला आणि अठराव्या वर्षी तो तिचा सदस्य झाला.

1736 मध्ये पृथ्वीचा आकार ठरवायला निघालेल्या मोहिमेबरोबर तो लॅपलँडला गेला. तिथे गोठलेल्या नदीच्या बर्फावर एकच लांब रेषा प्रत्यक्ष मोजली गेली. बाकी अंतरं डोंगरमाथ्यांवरून कोन मोजून, त्रिकोणामागून त्रिकोण जोडत काढली. एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले की त्रिकोण पक्का होतो. हेच आपलं कोबाको. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे त्यातून दिसलं.

पाच वर्षांनी त्याचं भूमितीचं पुस्तक आलं. व्याख्या आणि गृहीतकांच्या ढिगाने सुरुवात केली की नवखा विद्यार्थी बिचकतो, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने सुरुवात केली जमीन मोजण्यापासून. समजा, त्रिकोणी शेताची एक बाजू तळ्यामुळे मोजता येत नाही. मग काय करायचं? उरलेल्या दोन बाजू मोजायच्या. दोन पट्ट्या टोकाशी जोडून त्या बाजूंमधल्या कोनाइतक्या उघडायच्या आणि तोच कोन दुसरीकडे आखायचा. त्यावर दोन्ही लांब्या घेतल्या की तिसरी बाजू आपोआप ठरते. ती मोजली की तळ्याकडची बाजू कळली. बाकोबा हे नाव नंतर दिलं तरी चालतं.

घरी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि एक टाचणी घेऊन करून बघा. कोन थोडा हलवला की तिसरी बाजू लगेच बदलते. ते बोटांना जाणवतं, फळ्यावर नाही. (फक्त तीन कोन घेतलेत तर आकार तोच येईल, पण शेत केवढं, ते कळणार नाही.)

बाहेर त्याचं नाव गाजलं ते हॅलेच्या धूमकेतूमुळे. 1759 च्या एप्रिलच्या मध्याला तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असं त्याचं गणित होतं. धूमकेतू 13 मार्चला पोहोचला. 1765 मध्ये, 52 व्या वर्षी क्लेरो पॅरिसमध्येच वारला.