कापसाचा दोरा तापवला, पण राख झाली नाही. एडिसन यांनी नेमकं काय केलं?

पारोळा : कापसाची वेचणी संपली की तालुक्यात बांधावर पऱ्हाटी पेटते. बोंडअळीमुळे शेत रिकामं करावंच लागतं, पण हाती उरते ती राख. १८७९ मध्ये थॉमस अल्वा एडिसन यांनी कापसाचाच दोरा भट्टीत तापवला आणि त्यातून विजेचा दिवा लावला. हे कसं जमलं?

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. शाळा जेमतेम काही महिने, पुढचं आईनं घरी शिकवलं. पोरवयात रेल्वेत पेपर विकले, मग तारखात्यात काम केलं. ऐकू कमी यायचं. १८७६ मध्ये मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली, पुढच्याच वर्षी फोनोग्राफ आला.

विजेचा दिवा मात्र त्यांनी पहिल्यांदा शोधला, हे खरं नाही. इंग्लंडचे जोसेफ स्वान आधीपासून त्याच मागावर होते. सगळं अडलं होतं आतल्या तारेवर. प्लॅटिनम महाग, शिवाय वितळायचं. कार्बन कितीही तापवा, सहजी वितळत नाही.

म्हणून एडिसन यांच्या माणसांनी शिवणाचा दोरा बंद भांड्यात ठेवून तासन् तास तापवला. कापूस म्हणजे सेल्युलोज : कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. आत हवा नाही, त्यामुळे दोरा पेटत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बहुतेक वाफ, वायू होऊन निघून जातात, मागे कार्बनचा सांगाडा राहतो. उघड्यावर तोही जळतो. फरक झाकणाचा! पऱ्हाटीलाही हाच नियम. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं उसाच्या पाचटाचा असा कोळसा केला, त्याला २००२ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

कोळसा झालेला दोरा इतका ठिसूळ, की बसवतानाच तुटायचा. शेवटी ऑक्टोबर १८७९ मध्ये हवा काढलेल्या काचेच्या फुग्यात तो बारा तासांहून जास्त उजळला. मग कागद, नारळाची शेंडी, मिळेल ते जाळून पाहिलं. जपानच्या क्योटोजवळील यावाता गावचा बांबू सरस ठरला : हजार तासांच्या पुढे! कार्बनची तार बनवण्याची रीत पुढे लुईस लॅटिमर यांनी सुधारली. त्यांचं नाव क्वचितच कुणी घेतं.

१८८२ मध्ये एडिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र सुरू केलं. एसी-डीसीच्या लढाईत ते हरले. १८ ऑक्टोबर १९३१ ला त्यांचं निधन झालं, तोवर बल्बमध्ये टंगस्टन आलं होतं. यावाताच्या देवस्थानात आजही त्यांचं स्मारक आहे.