पडद्यांचे गणित

इटली देशातील टस्कनी प्रांतात इ. स. १५२० च्या सुमारास व्हिन्सेन्झो गॅलिली याचा जन्म झाला. ल्यूट हे तंतुवाद्य वाजविण्यात तो निपुण होता. गिटारप्रमाणे ल्यूटच्या दांडीवरही आडवे पडदे असतात. त्या काळी ते तातीचे असून दांडीभोवती बांधलेले असत.

व्हेनिस येथे त्सार्लिनो या थोर पंडितापाशी व्हिन्सेन्झोने संगीतशास्त्राचे अध्ययन केले. सुसंवादी स्वर लहान पूर्णांकांच्या प्रमाणांतूनच निर्माण होतात, असे गुरूचे मत होते. परंतु ल्यूटवर एकच पडदा सर्व तारांखालून जातो. तो एका तारेसाठी अचूक बसविला, तर दुसरी तार बेसूर होई. म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणे हाच उपाय व्हिन्सेन्झोला योग्य वाटला.

१५८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने त्याची सोपी रीत सांगितली. तारेच्या लांबीचे अठरा सारखे भाग करावेत आणि वरून पहिला भाग संपेल तेथे पडदा बांधावा. उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग करून दुसरा पडदा बांधावा व असेच पुढे जावे. वाद्य लहान असो वा मोठे, रीत एकच! तार ५४ सेंटिमीटर असेल, तर पहिला पडदा ३ सेंटिमीटरांवर येतो; ७२ असेल, तर ४ सेंटिमीटरांवर येतो. पुढील पडदे क्रमाने जवळ येत जातात आणि बारावा जवळजवळ मध्यावर पडतो.

या ग्रंथात गुरूच्या मतांवर टीका होती. १५८८ साली त्सार्लिनोने तिला उत्तर दिले. तरीही व्हिन्सेन्झो डगमगला नाही. तारेला दुप्पट वजन टांगले, की तिचा स्वर एक सप्तक वर चढतो, असे विद्वान शतकानुशतके मानीत आले होते. त्याने प्रत्यक्ष वजने टांगून पाहिले, तेव्हा दुप्पट नव्हे, चौपट वजन लागते असे आढळले. हे सत्य त्याने १५८९ साली प्रसिद्ध केले.

१५९१ साली व्हिन्सेन्झो निवर्तला. त्याचा थोरला मुलगा म्हणजे सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ गॅलिलिओ. त्यानेही १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात तारांच्या या नियमाचे विवेचन केले.

पुढे कित्येक पिढ्या गिटार घडविणारे कारागीर अठराव्या भागाचीच रीत वापरीत. आज अधिक अचूकतेसाठी अठराऐवजी १७.८१७ ने भागतात. बाराव्या पडद्याला तार बरोबर दुभागली जावी, एवढ्यासाठीच हा बारीक फरक. लहान मुलाची गिटार असो वा मोठ्या वादकाची, तिच्या पडद्यांत या सत्यशोधक वादकाची दृष्टी आजही नांदत आहे.