रेव्ह. स्टीफन हिस्लॉप : नागपूरचे पाषाण आणि बोरीचा पूर

स्कॉटलंड देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर क्रोमार्टी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर ह्यांचे गवताने शाकारलेले जन्मघर अद्यापि जतन करून ठेविलेले असून दूरदूरचे लोक ते पाहावयास जातात. मिलर १८०२ साली जन्मले. तरुणपणी ते पाथरवटाचे काम करीत. तांबड्या वालुकापाषाणात त्यांस प्राचीन माशांचे अवशेष सापडले. पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मोठे कैवारी झाले. परंतु आयुष्याच्या अखेरीस मेंदूच्या विकाराने त्यांचे मन ग्रासले आणि १८५६ च्या डिसेंबरात त्यांनी आपल्याच हातांनी आपला अंत करून घेतला. अशा दुखणाईताचा न्याय करणे आपले काम नव्हे. त्याचे अंतःकरण प्रभू जाणतो.

ह्याच फ्री चर्चने पाषाणांचा असाच एक अभ्यासक आपल्या महाराष्ट्रास दिला. त्यांचे नाव रेव्ह. स्टीफन हिस्लॉप. त्यांचे चरित्र आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस ठाऊक असावे म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स गावी झाला. वडील गवंडीकाम करीत व मंडळीत वडीलपणाची सेवाही करीत. मुलाने विश्वविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८४४ साली पत्नीसह हिंदुस्थानची वाट धरली. १८४५ च्या आरंभी तो नागपुरास पोहोचला, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. कामठीच्या छावणीतील हिल नामक एका भाविक अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून हे मिशन उभे राहिले होते. हिस्लॉप ह्यांनी मराठी भाषा हस्तगत केली व १८४६ साली शाळा काढली.

ते काम फार कठीण होते. बाप्तिस्मा मागणारा एखादा विद्यार्थी पुढे आला की शहरात गवगवा होई व शाळेचे वर्ग ओस पडत. १८४७ साली आलेले सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर ह्यांस प्रकृतिअस्वास्थ्यामुळे १८५५ साली स्वदेशी परतावे लागले. वर्षामागून वर्षे पेरणी करूनही पीक मूठभरच हाती यावे, असे ते दिवस होते. ज्या पाळकाने असे दिवस काढिले आहेत त्यास त्यांचा भार निराळा सांगावयास नको.

हिवाळ्यात हिस्लॉप खेडोपाडी सुवार्तेसाठी फिरत. वाटेत त्यांची दृष्टी पायांखालच्या दगडांकडेही जाई. नागपूरजवळील टाकळी येथे, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये, त्यांस व हंटर ह्यांस शंखशिंपले, फळे, बिया आणि किडे ह्यांचे अवशेष सापडले. ह्यावरून असे दिसले की, तप्त रसाचा एक लोट थंड झाल्यावर त्यावर तळी साचली, झाडे वाढली, जीव नांदले. आणि मग दुसरा लोट येऊन त्याने ते सर्व झाकून टाकिले. आमच्या धायरीच्या शिवारातला व समोरच्या सिंहगडाचा काळा दगड त्याच अग्निरसाच्या कुळातला आहे. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे असल्याचे आज शास्त्रज्ञ सांगतात.

चांदा प्रांतातील मांगली येथील एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी ह्याच संशोधनामुळे विलायतेस गेली. १८५५ साली प्रोफेसर ओवेन ह्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नागपूरच्या भूगर्भावरील हिस्लॉप व हंटर ह्यांचा निबंध लंडनच्या भूगर्भमंडळाच्या त्रैमासिकात छापला गेला. 'हिस्लोपाइट' हे एका खनिजाचे आणि 'हिस्लोपिया' हे गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म जीवाचे नाव त्यांच्या सन्मानार्थ ठेविलेले आहे. शिवाय त्यांनी गोंड लोकांत बसून त्यांची भाषा, चालीरीती व लिंगोचे गीत टिपून घेतले. ज्यांना इतर लोक रानटी म्हणत त्यांचे बोलणे लिहून ठेवण्याजोगे आहे, असे ह्या माणसास वाटले. ती टिपणे त्यांच्या मरणानंतर १८६६ साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी छापविली.

कोणी विचारील, उपदेशकाने दगड कशास वेचावे? आणि पृथ्वी इतकी जुनी म्हटल्याने विश्वास डळमळणार नाही काय? हिस्लॉप ह्यांचा डळमळला नाही. त्यांनी हातोडी खाली ठेविली नाही आणि शास्त्रही मिटून ठेविले नाही. निर्माणकर्त्याने पाषाणात जे ठेविले आहे ते खरेपणाने पाहिल्यास त्याचा अवमान कसा होईल?

१८६३ च्या सप्टेंबरात नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास हिस्लॉप, टेंपलसाहेबांबरोबर गेले. ही वर्तुळे म्हणजे पुरातन लोकांची थडगी होत. ४ तारखेस दिवसाचे काम आटोपल्यावर बाकीचे लोक बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. हिस्लॉप मात्र तेथील मुलांची शाळा तपासण्याकरिता मागे राहिले. पुढे ते एकटेच घोड्यावर निघाले. वाटेतील ओढा पावसाने फुगला होता. मुक्कामावर घोडा आला, पण स्वार आला नाही. शोध केला तेव्हा पाण्यात त्यांचा मृतदेह सापडला. सेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास चारच दिवस उरले होते.

यहोशवाच्या काळी यार्देनेचे पाणी थांबले आणि लोक कोरड्या वाटेने पार झाले. त्यांनी नदीतून आणिलेल्या बारा धोंडा गिलगाल येथे उभ्या केल्या. गिलगाल म्हणजे वर्तुळ. बोरीच्या वाटेवरचे पाणी मात्र प्रभूच्या ह्या दासासाठी थांबले नाही. का थांबले नाही, ह्याचे उत्तर मजजवळ नाही. ज्यांनी पुरात आपला मुलगा किंवा धनी गमाविला आहे त्यांच्याजवळही ते नसते. इतके मात्र दिसते की, ते पाण्यापाशी पोहोचले ते खेड्यातील मुलांचा धडा ऐकून. त्यांचे शेवटचे काम दगडांचे नव्हते, लेकरांचे होते.

१८८३ साली नागपुरात त्यांच्या नावाने महाविद्यालय निघाले. तेथे आजही मुलेमुली शिकत आहेत.

बंधुभगिनींनो, नांगराच्या फाळास शंखाच्या आकाराचा दगड लागला तर तो बांधावर भिरकावू नका. शाळेतील गुरुजींस दाखवा आणि लेकरांस हे चरित्र सांगा. पावसाळ्यात उपासनेस येताना ओढा चढलेला दिसला तर अलीकडच्या काठावरच थांबा. मंडळी तुमची वाट पाहील. आणि तुम्ही काठावर केलेली प्रार्थनाही देव ऐकेल.