चूक कोणाची? : जेफ रास्किन यांचे जीवन आणि कार्य

गतवर्षी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षात असताना मी माझा पहिला खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम लिहिला. विभागीय ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव संगणकावर नोंदवावी, एवढाच त्याचा हेतू. पायथन भाषा नुकतीच शिकलो होतो. एक बटण पडद्यावर उमटले की दुसरे काढावेसे वाटे. असे करता करता एका खिडकीत अकरा बटणे झाली. नोंद ठेवण्याचे बटण आणि नोंद पुसण्याचे बटण शेजारी शेजारी, एकाच रंगाचे, एकाच आकाराचे. काही चूक होऊ नये म्हणून प्रत्येक कामानंतर एक छोटी चौकट समोर येई आणि हे खरोखर करायचे आहे ना, असे विचारी. नोंद ठेवतानाही विचारी, पुसतानाही विचारी, खिडकी बंद करतानाही विचारी. मला त्या चौकटीचा मोठा अभिमान होता.

ग्रंथालय सांभाळणाऱ्या आमच्या अक्कांनी तो प्रोग्रॅम पंधरा दिवस वापरला. सोळाव्या दिवशी दुपारी त्या पंधरा दिवसांच्या सगळ्या नोंदी नाहीशा झाल्या. बटण चुकले होते. चौकटीने विचारले होते आणि अक्कांच्या बोटाने नेहमीप्रमाणे होय म्हटले होते. सरांनी मला बोलावले, तेव्हा मी सांगितले की प्रोग्रॅममध्ये दोष नाही, अक्कांनीच पुसले आणि पुसण्यापूर्वी संगणकाने त्यांना विचारलेही होते. अक्का काही बोलल्या नाहीत. दोन संध्याकाळी बसून त्यांनी चिठ्ठ्यांवरून सर्व नोंदी पुन्हा रजिस्टरात उतरवल्या आणि संगणकावर कापड घातले.

त्याच आठवड्यात आमच्या एका प्राध्यापकांनी काही न बोलता एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती ठेवले. नाव ‘द ह्यूमेन इंटरफेस’, लेखक जेफ रास्किन, प्रकाशनवर्ष २०००. त्या पुस्तकाने माझी झोप उडवली. ते लिहिणारा गृहस्थ कोण होता, याचा मी शोध घेतला. त्या शोधातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

जेफ रास्किन यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे पदवीचे विषय. तत्त्वज्ञान आणि संगीत यांचीही त्यांना तितकीच ओढ. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९६७ सालच्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘क्विक-ड्रॉ’ नावाची चित्रलेखन-पद्धती. त्या काळी संगणक म्हणजे पत्र्याच्या कपाटांनी भरलेली खोली आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे. पडदा असलाच तर त्यावर ठराविक अक्षरे ठराविक जागी उमटत. रास्किन यांचे म्हणणे असे की पडद्यावरचे सारे काही चित्र समजून रेखाटावे. अक्षर हेही शेवटी एक चित्रच. आज आपण खिडकी, बटण, निरनिराळी अक्षरवळणे, कन्नड आणि देवनागरी मजकूर एकाच पडद्यावर पाहतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. त्या वेळी मात्र यंत्र इतके महाग आणि माणसाचा वेळ इतका स्वस्त मानला जाई, की यंत्राने माणसासाठी चित्र काढावे ही कल्पना अनेकांना उधळपट्टी वाटली असती.

त्यानंतर ते कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील विद्यापीठात गेले. गेले ते संगीताच्या उच्च शिक्षणासाठी आणि झाले दृश्यकला विभागात प्राध्यापक! तेथे त्यांनी कला शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवले. त्यांच्यासाठी ‘फ्लो’ नावाची एक चिमुकली भाषा रचली. तिच्यात मोजक्याच आज्ञा होत्या. विद्यार्थ्याने पहिले अक्षर दाबताच उरलेला शब्द यंत्र स्वतः पुरा करी. त्यामुळे शब्दलेखनाची चूक करायला वावच उरत नसे. विद्यार्थी चुकला तर त्याला दटावू नये, ती चूक होणारच नाही अशी वाट बांधून द्यावी, ही त्यांची वृत्ती येथे प्रथम दिसते. पुढे नोकरी सोडताना त्यांनी गरम हवेच्या फुग्यात बसून विद्यापीठप्रमुखांच्या घरावरून उड्डाण केले आणि राजीनामा जाहीर केला, असे सांगतात. मनुष्य असा मनस्वी होता. बासरीसारखे रेकॉर्डर नावाचे वाद्य ते वाजवीत, वाद्यवृंदाचे संचालन करीत, विमानांच्या प्रतिकृती तयार करीत.

१९७० नंतरच्या दशकात त्यांनी तांत्रिक माहितीपुस्तिका लिहिण्याचा व्यवसाय सुरू केला. अ‍ॅपल ही कंपनी तेव्हा नुकती जन्माला आली होती. तिच्या दुसऱ्या संगणकाच्या बेसिक भाषेची पुस्तिका रास्किन यांनी लिहिली आणि जानेवारी १९७८ मध्ये ते त्या कंपनीत प्रकाशन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. कंपनीतले ते एकतिसावे नोकर.

वाचकहो, माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील ही घटना सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र बनवणाऱ्याला आपल्या यंत्रातली अडचण सहसा दिसत नाही, कारण त्याला त्याचे आतडे न् आतडे ठाऊक असते. पुस्तिका लिहिणाऱ्याला मात्र ते यंत्र परक्या माणसाला समजावून सांगायचे असते. जेथे तीन पाने खर्ची घालूनही गोष्ट उलगडत नाही, तेथे दोष वाचकाच्या बुद्धीचा नसून यंत्राच्या रचनेचा असतो. म्हणून रास्किन यांचा आग्रह असा की माणूस यंत्राशी कसा वागेल ते आधी ठरवावे आणि मग त्याला साजेल असे यंत्र बांधावे. आपण नवशिके नेमके उलटे करतो. आधी आतले सारे लिहितो आणि शेवटच्या रात्री त्यावर बटणे चिकटवतो.

१९७९ मध्ये कंपनीने त्यांना एक स्वस्त संगणक तयार करण्याचे काम सुचवले. त्यांनी आपली स्वतःची योजना मांडली. ज्याला यंत्राच्या पोटात काय आहे हे जाणून घ्यायची मुळीच इच्छा नाही, अशा सामान्य माणसासाठी हा संगणक असावा. पेटी उघडावी लागू नये, तारांचे जंजाळ नसावे, आणि किंमत आरंभी त्यांनी ५०० डॉलर धरली होती. आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्यांनी त्याला मॅकिंटॉश हे नाव दिले. त्याच नावाची ध्वनियंत्रे करणारी एक कंपनी असल्याने इंग्रजी वर्णलेखन थोडे बदलले. लहानसा गट जमवला. दुरुस्ती विभागात काम करणारा बरेल स्मिथ हा तरुण त्यांनी या कामावर घेतला. बिल अ‍ॅटकिन्सन हा त्यांचा सॅन दिएगोचा विद्यार्थी त्यांच्याच बोलावण्यावरून कंपनीत आला होता. त्याच्या चित्रलेखन-प्रणालीचे नावही ‘क्विकड्रॉ’ असेच पडले.

परंतु योजना आकार घेऊ लागताच तिच्यावर दुसऱ्याचा हात पडला. १९८१ च्या आरंभी स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकिंटॉशची सूत्रे हाती घेतली. यंत्राचा मेंदू बदलला, माऊस आला, किंमत वाढली. रास्किन यांना माऊसचे फारसे कौतुक नव्हते. हात कळफलकावरून उचलून पुन्हा पुन्हा बाजूला न्यावा लागतो, ही त्यांची तक्रार. मतभेद वाढत गेले आणि १९८२ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आला तो २,४९५ डॉलरांना. त्याने इतिहास घडवला यात शंका नाही. पण ज्याने बीज पेरले त्याच्या कल्पनेतले झाड ते नव्हते. तरीही न्यायाने पाहता, आज घरोघरी दिसणारे चित्रमय पडदे रुजले ते त्या बदललेल्या मॅकिंटॉशमुळे, हेही कबूल केले पाहिजे.

रास्किन रुसून बसले नाहीत. त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली आणि १९८७ मध्ये त्यांच्या रचनेचा ‘कॅनन कॅट’ हा संगणक आला. त्यात माऊस नाही, चित्रे नाहीत, फाइलींना नावे देण्याची कटकट नाही. सारा मजकूर एका लांबच लांब कागदासारखा. काल जेथे काम सोडले होते, तेच पान आज सुरू करताच समोर. मजकुरात हवे ते ठिकाण गाठण्यासाठी खालच्या बाजूला दोन खास कळा होत्या. एक कळ अंगठ्याने दाबून धरायची, हव्या शब्दाची अक्षरे टंकायची, आणि खूण तेथे उडी मारून जाई. कळ सोडली की पुन्हा नेहमीचे लेखन.

ही दाबून धरण्याची युक्ती मला फार बोधप्रद वाटते. कळफलकावरची कॅप्स लॉक ही कळ एकदा दाबली की तशीच लागून राहते. आपण विसरतो आणि सारी ओळ मोठ्या लिपीत उमटते. शिफ्टची कळ मात्र बोटाखाली असते, म्हणून ती विसरता येत नाही. एकच कृती यंत्राच्या निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळे फळ देते आणि यंत्र कोणत्या अवस्थेत आहे याकडे माणसाचे लक्ष नसते, तेथे चुका जन्मतात, असे रास्किन यांचे प्रतिपादन आहे. कॅट हे यंत्र व्यापारात टिकले नाही. सुमारे २०,००० नग खपले आणि काही महिन्यांतच ते बंद पडले. विचार मात्र वाया गेला नाही. तो त्यांनी पुस्तकात उतरवला.

त्या पुस्तकाचा गाभा थोडक्यात असा. माणसाचे जाणीवपूर्वक लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर असते. उरलेली कामे सवय करते. सवय हा दुर्गुण नव्हे, तिच्यावाचून आपल्याला सायकलही चालवता येणार नाही. जी चौकट रोज शंभर वेळा तोच प्रश्न विचारते, तिला उत्तर देणे हीही एक सवय होते. मग पुसणे आणि होय म्हणणे या दोन कृती राहत नाहीत, त्यांची एकच कृती बनते. प्रश्न आणखी मोठ्या अक्षरांत विचारला तरी फरक पडत नाही. खरा उपाय एकच : झालेली कृती मागे घेता आली पाहिजे. माणसाने टंकलेला मजकूर ही यंत्राकडे ठेवलेली ठेव आहे आणि ती यंत्राने गमावता कामा नये.

दुसरा मुद्दा सहजतेचा. आपण म्हणतो, अमुक रचना अगदी सहज आहे. रास्किन म्हणतात, सहज म्हणजे पूर्वपरिचित, याहून अधिक काही नाही. फिनलंडमधील एका शिक्षिकेपुढे त्यांनी माऊस काहीही न सांगता ठेवला, तेव्हा तिने तो उचलून पाहिला आणि अखेर पालथा करून खालचा गोळा बोटाने फिरवला. आपल्याला जे उघड दिसते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला उघड नसते.

२००४ च्या अखेरीस रास्किन यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गाठले आणि २६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिका येथे त्यांचे निधन झाले. बासष्टावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आला होता. अखेरपर्यंत ते आपल्या कल्पनेतल्या नव्या प्रणालीवर काम करीत होते. पुढे त्यांचे चिरंजीव आझा यांनी ते काम चालू ठेवले.

पुस्तक मिटले तेव्हा मला माझी ती चौकट आठवली आणि लाज वाटली. अक्कांच्या बोटाला होय म्हणण्याची सवय मीच लावली होती. पुसण्याचे बटण ठेवण्याच्या बटणाला चिकटवले तेही मीच. आणि दोष मात्र त्यांच्या माथी मारला होता.

मी सरांकडे जाऊन हे सांगितले. मग प्रोग्रॅम पुन्हा लिहायला बसलो. पहिल्या दिवशी एकही ओळ लिहिली नाही. अक्कांच्या शेजारी बसून त्या रजिस्टर कसे भरतात ते पाहिले. त्यांचे रकाने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांचा क्रम माझ्या इंग्रजी रकान्यांच्या क्रमाहून वेगळा आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते! नव्या खिडकीत तेच रकाने त्याच क्रमाने कन्नडमध्ये मांडले. अकरा बटणांची चार केली. सगळ्या चौकटी काढून टाकल्या. पुसलेली नोंद आता नाहीशी होत नाही, ती एका वेगळ्या यादीत जाऊन बसते आणि एका बटणाने परत येते.

अक्कांना तो दाखवला तेव्हा त्यांनी एक नोंद केली, ती मुद्दाम पुसली आणि परत आणली. पुन्हा पुसली, पुन्हा आणली. मग त्या हसल्या. रजिस्टर अजून त्यांच्या टेबलावर उघडेच असते आणि रोजची नोंद त्या दोन्हीकडे करतात. मी त्याला हरकत घेत नाही. एकदा गेलेला विश्वास परत आणण्याचे बटण अजून कोणाला करता आलेले नाही. त्याला दिवस द्यावे लागतात.