गाण्याचा सातबारा स्वतःच्या नावावर : सॅम कुक

कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याची गाणी आपण ऐकतो, पण त्यांचे मालक कोण, हे विचारत नाही. सॅम कुक यांनी विचारले, म्हणून आम्हाला ते गायकापेक्षा मोठे वाटतात.

जन्म 1931, क्लार्क्सडेल, मिसिसिपी. बालपण शिकागोत, वडील धर्मोपदेशक. चर्चची गाणी गाणारे कुक 1957 च्या 'यू सेंड मी'ने अमेरिकाभर पोहोचले. तेव्हा कृष्णवर्णीय कलावंतांकडून किरकोळ रकमेत हक्क लिहून घेतले जात. (कॅसेटवरून गायब झालेली आपल्या भीमशाहिरांची नावे आठवा.) कुक यांनी जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्यासोबत 'कॅग्ज म्युझिक' ही गीतप्रकाशन कंपनी चालवली. चित्रपटात गाणे घ्यायला दोन परवानग्या लागतात : एक शब्द-चालीची, दुसरी ध्वनिमुद्रणाची. पहिली आता त्यांच्याच हातात होती.

11 डिसेंबर 1964 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून ते गेले. वय अवघे 33. काही वर्षांतच कॅग्ज अ‍ॅलन क्लाइन यांच्या कंपनीने घेतली. 1992 च्या 'माल्कम एक्स' चित्रपटात कुक यांचे 'अ चेंज इज गोना कम' वाजते. परवानगीसाठी दार ठोठवायचे होते ते क्लाइन यांच्या कंपनीचे.