बालोद्यानाचा जनक : फ्रेडरिक फ्रोबेल

आपल्या संस्थेच्या बालवर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलापुढे फळ्यावर एक गोल, एक चौकोन आणि एक त्रिकोण काढला जातो व सारा वर्ग एका सुरात त्यांची नावे म्हणतो. चार दिवसांत ती पाठ होतात. पाचव्या दिवशी तोच त्रिकोण टोक खाली करून काढला, तर निम्मी मुले तो त्रिकोण नव्हेच म्हणून सांगतात. हा अनुभव प्रत्येक प्राथमिक शिक्षकाचा आहे. मुलाने चित्र ओळखलेले असते, आकार ओळखलेला नसतो. हा फरक ज्याने ओळखला व त्याच्या मागे आयुष्य वेचले, त्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची ही हकिकत आहे.

फ्रेडरिक फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी झाला. वडील ल्यूथर पंथाचे धर्मोपदेशक होते. मूल नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. पुढे सावत्र आई आली. प्रथम तिने माया लावली. परंतु तिला स्वतःचा मुलगा होताच तिने फ्रेडरिकशी ‘तू’ म्हणून बोलणेही सोडले. घरातल्याच मुलाशी ती परक्या माणसाशी बोलावे तशी बोलू लागली. वडिलांना कामातून सवड नव्हती, आणि मुलगा मंद आहे असा त्यांचा समज झाला होता. बाग, झाडे, दगडगोटे एवढेच त्याचे सोबती. दहा-अकराव्या वर्षी मामाने त्याला श्टाटइल्म येथे आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे त्याला मोकळा श्वास मिळाला. लहान मुलांना प्रेमाची जागा हवी हा आग्रह त्यांनी पुढे जन्मभर धरला, त्याचे मूळ कोणत्या ग्रंथात शोधण्याची गरज नाही.

पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. तेथे त्याने मोजणी, भूमिती आणि वनस्पतिशास्त्र बव्हंशी आपले आपणच शिकून घेतले. पुढे येना विद्यापीठात गेला, पण कर्जापायी नऊ आठवडे विद्यापीठाच्या तुरुंगात काढून त्याला परतावे लागले. त्यानंतरची काही वर्षे अशाच लहानसहान नोकऱ्यांत गेली. १८०५ मध्ये फ्रॅंकफुर्टला वास्तुशास्त्र शिकण्यासाठी गेला असता तेथील एका शाळेत अचानक शिक्षकाची जागा मिळाली. वर्गात उभे राहताच त्यांना आपले काम सापडले. स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या संस्थेत १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे त्यांनी काढली.

त्यानंतर बर्लिनमध्ये वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला. हा भाग चरित्रात सहसा एका ओळीत उरकला जातो, पण माझ्या मते किल्ली येथेच आहे. स्फटिकाला कोणी आकार देत नाही. तो आतील नियमानुसार वाढत जातो आणि त्याच्या कडा, कोन आपोआप ठरतात. मूलही असेच आतून वाढते, ही श्रद्धा फ्रोबेल यांनी खनिजांच्या कपाटापुढे उभे राहून मिळविली.

१८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत ते स्वयंसेवक म्हणून गेले. तेथे मिडेनडॉर्फ व लांगेथाल हे जन्माचे सहकारी भेटले. त्याच वर्षी आजारी सैनिकांची सेवा करताना त्यांचे भाऊ क्रिस्टोफ तापाने वारले. त्यांच्या पोरक्या मुलांसह पाच पुतण्यांना घेऊन १८१६ साली फ्रोबेल यांनी ग्रीसहाइम येथे शाळा काढली. वर्षभरातच ती कायलहाउ या खेड्यात गेली. १८२६ मध्ये ‘मानवाचे शिक्षण’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. परंतु शाळेत राज्यविरोधी विचार शिकविले जातात असा संशय घेतला गेला. सरकारी तपासनिसाने अनुकूल अहवाल दिला, तरी संशय विरला नाही. पालकांनी मुले काढून घेतली आणि शाळेत अगदी थोडी मुले उरली.

काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये काम केल्यावर १८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळण्यांचा संच तयार करावयास घेतला. या खेळण्यांना ते ‘देणग्या’ म्हणत. पहिल्या देणगीत सहा रंगांचे लोकरीचे सहा चेंडू. दुसरीत लाकडी गोल आणि लाकडी घन. गोल कसाही ठेवा, एकसारखाच दिसतो आणि घरंगळतो; घन मात्र स्थिर बसतो, त्याला सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे. मूल दोन्ही हातांत धरते आणि कोणी न सांगता तुलना सुरू होते. पुढे या दोहोंच्या मध्ये दंडगोल आला. तो आडवा ठेवला तर गोलासारखा घरंगळतो, उभा ठेवला तर घनासारखा बसतो. घनाला पृष्ठाच्या मध्यावर दोरी बांधून गरगर फिरविले की मुलाच्या डोळ्यांपुढे दंडगोल उभा राहतो. कोपऱ्याला टांगून फिरविले की वर-खाली शंकू दिसू लागतात. भूमितीचा एवढा गहन धडा, पण मुलाच्या लेखी ती भिंगरीच.

तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. पेटी उपडी करून उचलायची, म्हणजे मुलाला आधी अखंड वस्तू दिसते आणि मग तिचे भाग. रचना करताना सर्व ठोकळे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. आणि पहिली रचना न मोडता, ठोकळे सरकवून तिच्यातूनच दुसरी करायची. नंतर सपाट चौकोनी व त्रिकोणी पट्ट्या येतात. दोन काटकोन त्रिकोण जुळवून चौरस होतो, हे मूल येथे हाताने शिकते, आणि त्रिकोण टोक खाली करून ठेवला तरी त्रिकोणच राहतो, हेही. त्यापुढे काड्या, कड्या, आणि अखेर बिंदू म्हणून बी-दाणे. आपण फळ्यावर रेघ ओढून सुरुवात करतो. फ्रोबेल भरीव वस्तूपासून निघून रेघेपाशी शेवटी पोहोचत. आपल्या घरांतही तसबीहचे मणी, लांबट जानमाज, मशिदीचा घुमट, जाळीतील षट्कोन आहेतच. मुलाने ते हाताळलेले वा पाहिलेले असतात, फक्त शाळेत त्यांची आठवण कोणी काढीत नाही.

संस्थेला नाव मात्र सुचत नव्हते. १८४० च्या वसंतात डोंगरातून मिडेनडॉर्फसह पायी जाताना ते अचानक सुचले असे सांगतात : किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. त्याच वर्षी २८ जूनला त्याची रीतसर स्थापना झाली. पत्नी विल्हेल्मीना मात्र आदल्या वर्षीच निवर्तली होती. ही बाग राखण्याचे काम स्त्रियांचे, असे म्हणून त्यांनी मुलींना शिक्षिका म्हणून तयार करणे सुरू केले. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. स्त्री शिक्षिका मिळत नाहीत म्हणून आपल्याकडे बालवर्ग अडतात. फ्रोबेल यांनी त्या मिळण्याची वाट पाहिली नाही, घडवल्या.

१८४९ साली बाड लीबेनश्टाइन येथे खेड्यातील मुलांबरोबर फेर धरून नाचणाऱ्या या वृद्धाला लोक वेडा समजत. तेथेच बर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या सरदार घराण्यातील बाईंनी त्यांना पाहिले व त्या त्यांच्या कार्याच्या प्रचारक बनल्या. परंतु ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर नास्तिकपणा व समाजवाद पसरविण्याचा आरोप ठेवून बंदी घातली. गंमत अशी, की आक्षेप होता तो त्यांचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या लिखाणावर. आडनावाच्या सारखेपणाने काकांचे काम बुडाले. घन आणि गोल यांतील भेद मुलांना शिकविणाऱ्या माणसाचा, दोन फ्रोबेलांतील भेद मंत्र्याला न कळल्याने घात झाला. चूक दाखवून देणारे अर्ज त्यांनी केले. ते फेटाळण्यात आले. २१ जून १८५२ रोजी मारिएंताल येथे ते वारले तेव्हा बंदी कायम होती.

ती उठली १८६० साली, बर्थाबाईंच्या खटपटीने. तोवर बालोद्यान समुद्रापार गेले होते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे मार्गारेथे शुर्त्स यांनी १८५६ मध्येच एक सुरू केले होते. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एका आईने या देणग्या पाहून आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा पुढे फ्रॅंक लॉइड राइट हा विख्यात वास्तुकार झाला आणि त्या ठोकळ्यांचे ऋण त्याने म्हातारपणापर्यंत मानले.

फ्रोबेल यांना श्वाइना येथे पुरले. कबरीवर मिडेनडॉर्फच्या कल्पनेतील दगड उभा आहे : खाली घन, त्यावर दंडगोल आणि सर्वांत वर गोल.