अंकावरचं टिंब

बॅगेतला सायंटिफिक कॅल्क्युलेटर जरा बाहेर काढा. −३² असं टाइप करा. स्क्रीनवर येईल −९. आता कंस देऊन (−३)² टाका. उत्तर ९! मशीन बिघडलेलं नाही. कंस नसेल तर ते आधी ३ चा वर्ग करतं आणि मग त्याला उणे लावतं. उणे चिन्ह त्या ३ चंच आहे, हे आपण त्याला सांगावं लागतं.

मला हे फार उशिरा कळलं. मास कॉमच्या संशोधन पद्धतीच्या पेपरला प्रमाण विचलन काढायचं होतं. सरासरीपासूनचे फरक होते −४, −१, ०, २ आणि ३. वर्गांची बेरीज ३० यायला हवी होती. मी कंस दिलेच नाहीत, म्हणून ती आली −४. तिला ५ ने भागून वर्गमूळाचं बटण दाबलं, तर मॅथ एरर! मार्क गेले ते गेलेच.

नंतर वाचताना लक्षात आलं, माझी ही चूक टाळायची सोय एका माणसाने पावणेनऊशे वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

वडीलच गुरू

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड हे आपलं गाव, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. ते गाव आजचं नेमकं कोणतं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वडील महेश्वर ज्योतिषी आणि विद्वान. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहून पूर्ण केला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी होती, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती खरी की दंतकथा, हे आज बाजूला ठेवू. आपलं काम आहे ‘बीजगणित’शी.

धन आणि ऋण

ऋण संख्यांचे नियम त्यांच्याही आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने मांडले होते. धन म्हणजे जवळची संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. आपल्याला हे वेगळं समजवायला नको. लातूरच्या आडतीवर सोयाबीनची पट्टी हातात पडते आणि खत-बियाण्याची उधारी त्याहून जास्त निघते, तेव्हा घरी जे येतं ते ऋणच.

भास्कराचार्यांनी हे नियम नीट, उदाहरणं देऊन समजावले. संख्या धन असो की ऋण, तिचा वर्ग धनच. धन संख्येला वर्गमुळं दोन, एक धन आणि एक ऋण. ऋण संख्येला मात्र वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नसते. माझ्या स्क्रीनवरचा एरर हेच तर सांगत होता!

आणि लिहायची पद्धत बघा. ऋण संख्या दाखवायला ते अंकाच्या डोक्यावर टिंब देत. चिन्ह थेट अंकालाच चिकटलेलं, त्यामुळे वर्ग कुणाचा करायचा हा घोळच नाही. आज आपण तेच काम कंसाकडून करून घेतो.

माकडं आणि त्रिकोण

त्यांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. फांदीवर दिसतंय फक्त एक. कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उरतात −२ माकडं. हे लोकांना पटणार नाही, म्हणून त्यांनी ५ सोडून दिलं.

मग उणे उत्तर नेहमी फेकूनच द्यायचं का? नाही. ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे, बाजू १० आणि १७, पाया ९. लंब टाकला की पायाचे दोन भाग येतात, १५ आणि −६. इथे त्यांनी उणे उत्तर ठेवलं आणि त्याचा अर्थ लावला: लंब पायाच्या बाहेर पडतोय, ६ हे अंतर उलट दिशेला आहे. म्हणजे उणे दिसलं की घाबरून खोडायचं नाही. ते इथे काय सांगतंय, हे आधी विचारायचं.

६९ व्या वर्षीही

११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. ग्रहांची गणितं झटपट करता यावीत म्हणून केलेला हा ग्रंथ, त्या काळचा रेडी रेकनरच म्हणा ना!

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यादव राजांच्या पदरी होते. यादव म्हणजे आपल्या देवगिरीचे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने मठ काढला. त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

नांदेड असो की लातूर, क्लासच्या टेस्टमध्ये चुकीच्या उत्तराला −१ पडतो आणि आपण तो पटकन विसरायला बघतो. पुढच्या वेळी थांबून बघा, तो कोणत्या प्रश्नावर पडला. आणि कॅल्क्युलेटरवर उणे संख्येचा वर्ग करायचा असेल, तर कंस विसरू नका. भास्कराचार्य टिंब विसरत नव्हते.